हवा वर कोण उचलतं? ठाणे-नवी मुंबईच्या आभाळाची तोंडओळख

खाडीकाठ (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला की इथल्या प्रत्येक गप्पांच्या धाग्यावर एक वाक्य हमखास येतं: "एवढी आर्द्रता आहे, मग पाऊस का पडत नाही?" या एका प्रश्नात हवामानशास्त्राचा निम्मा पाया आहे, म्हणून त्यासाठी वेगळा धागा.

आर्द्रता हा कच्चा माल. ठाण्याच्या हवेत तो मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मुबलक असतो. पण ती हवा वर चढल्याशिवाय त्या मालाचा पाऊस होत नाही. वर गेलेल्या हवेवरचा दाब कमी होतो, ती फुगते, फुगायला लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते आणि गार होते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा रेटला की नळी तापते, त्याच्या बरोबर उलट. बाष्पाचं पाणी होत नाही तोवर हा दर ठरलेला आहे: दर किलोमीटरला ९.८ अंश सेल्सिअस. हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो अंश, हाही चढताना उतरतो, पण किलोमीटरला जेमतेम १.८ अंश. म्हणजे तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी कमी होतं. ते शून्य झालं की ढगाचा तळ. यावरून सोपा हिशेब निघतो: तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५, उत्तर मीटरमध्ये.

फेब्रुवारीतल्या दुपारी तापमान ३३, दवबिंदू १३ असेल तर तळ २,५०० मीटरवर. मे महिन्यात ३४ आणि २६ धरले तर १,००० मीटर. जुलैच्या झडीत २८ आणि २५.५ असतात, तेव्हा तळ येतो जेमतेम ३०० मीटरवर. म्हणूनच त्या दिवसांत येऊरच्या डोंगराचा माथा ढगात बुडालेला दिसतो आणि पारसिकच्या डोंगराच्या अंगावर ढग लोळताना दिसतात. ढग खाली "उतरलेला" नसतो. ओली हवा डोंगरावर चढताना तिथेच ढग तयार होत असतो.

आणखी एक. आर्द्रतेचा टक्का बघू नका, दवबिंदू बघा. दवबिंदू दिवसभर २५ अंशांवर टिकला तरी पहाटे २६ तापमानाला आर्द्रता ९४ टक्के दिसते आणि दुपारी ३३ ला ६३ टक्के. बाष्प तेवढंच असतं, बदललेलं असतं फक्त तापमान.

तर खरा प्रश्न असा: हवा वर कोण उचलतं? तापलेली जमीन, वाटेतला डोंगर, समोरासमोर येऊन भिडणारे वारे, किंवा खालून पाचरीसारखी घुसणारी गार हवा. जाणकारांनी एकेक विषय घ्यावा ही विनंती.

घोडबंदर

चांगला धागा. मग मे महिन्यात दवबिंदू २६, जमीन तापलेली, तळ अवघ्या १,००० मीटरवर. सगळं जमून आलेलं असतं. तरी आभाळ कोरडं का?

दवबिंदू

@घोडबंदर, कारण वर झाकण असतं.

वर चढणारी हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार असेल तरच ती आपोआप वर जात राहते. मे महिन्यात किनाऱ्यावरचा ओला थर साधारण एक किलोमीटर जाडीचा असतो. त्याच्यावर येऊन बसते दख्खनच्या पठारावर तापलेली आणि वायव्येकडून खाली बसत आलेली कोरडी हवा. एक-दीड किलोमीटरच्या पट्ट्यात उंचीबरोबर तापमान घटायचं थांबतं, कधी दोन-तीन अंशांनी वाढतंही. खालून आलेला हवेचा गोळा तिथे पोहोचला की शेजारच्या हवेपेक्षा गार ठरतो आणि थबकतो. दुपारी जे चपटे, कापसाच्या लादीसारखे ढग दिसतात ते याच झाकणाखाली पसरलेले असतात. ढगाचा माथा सपाट आणि कडा धूसर दिसत असतील तर झाकण मजबूत आहे. माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा कापल्यासारख्या स्पष्ट, आणि दहा मिनिटांत उंची वाढलेली दिसत असेल तर झाकण फुटलं आहे.

झाकण फुटल्यावर खेळ वेगळा. बाष्पाचं पाणी होताना सुप्त उष्णता सुटते, त्यामुळे ढगातली हवा किलोमीटरला ९.८ ऐवजी ४ ते ५ अंशांनीच गार होते. आसपासची हवा ६-७ अंशांनी गार होत असते. म्हणजे ढग जितका वर जाईल तितका शेजाऱ्यापेक्षा उबदार. हाच वळिवाचा ढग, माथा १५ किलोमीटरच्या आसपास.

ही उभी रचना स्वतः पाहता येते. सांताक्रूझहून हवामान खातं वरच्या हवेचं तापमान आणि दवबिंदू मोजणारा फुगा सोडतं. त्याच्या ठरलेल्या वेळा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्थानक क्रमांक ४३००३ टाकला की त्याचा आलेख मिळतो. त्यात तापमान आणि दवबिंदूच्या रेषा कुठे फाकतात ते आधी शोधा. ज्या उंचीवर दवबिंदूची रेषा एकदम डावीकडे पळते, तिथे झाकणाची खालची बाजू.

जुलैत दोन्ही रेषा पाच-सहा किलोमीटरपर्यंत जवळजवळ चिकटून असतात. झाकण नाही, पण फार ऊर्जाही साठलेली नाही. म्हणून जुलैत तासन्‌तास ओतलं तरी गडगडाट क्वचित होतो. विजेसाठी गारेचे आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटावे लागतात, आणि ते शून्य अंशाच्या पातळीच्या, म्हणजे पावसाळ्यात साडेपाच किलोमीटरच्या, बऱ्याच वर जोरदार उचल असेल तरच घडतं.

पारसिक

वाऱ्याचं मी लिहितो. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघतो हे शाळेत शिकवतात, आणि ते खरंही आहे. पण निघाल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो. पुरेसा वेळ मिळाला तर इतका वळतो की समदाब रेषांना (सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना) समांतर वाहू लागतो: दाबाची ओढ एका बाजूला, पृथ्वीच्या फिरण्याचा म्हणजे कोरिऑलिसचा रेटा दुसऱ्या बाजूला, दोन्ही समान. यालाच जिओस्ट्रॉफिक वारा म्हणतात.

हा रेटा अक्षांशावर ठरतो. ठाणे १९.२ अंशांवर आहे, म्हणून इथे तो ४५ अंशांवरच्या निम्म्याहून कमी. परिणाम महत्त्वाचा आहे. १०० किलोमीटरमध्ये दाबात १ हेक्टापास्कल (हे दाबाचं एकक) फरक असेल तर समतोल साधायला आपल्याकडे सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर वारा लागतो. ४५ अंशांवर त्याच फरकाला ८ मीटर पुरतात. म्हणून युरोपच्या नकाशावरच्या समदाब रेषा बघायची सवय असलेल्या माणसाला आपला नकाशा निवांत वाटतो. आपल्याकडे ४ हेक्टापास्कलचा फरकही मोठा. पावसाळ्यात डहाणू आणि तिरुवनंतपुरम यांच्या दाबातला फरक पाहण्याची पद्धत त्यासाठीच आहे: तो ६-८ हेक्टापास्कलवर गेला की किनाऱ्यावरचा पश्चिमेचा वारा जोरावर आहे असं समजावं.

जमिनीलगत घर्षणाने वारा मंदावतो, रेटाही कमी होतो, आणि वारा समदाब रेषा ओलांडून कमी दाबाकडे झुकतो: समुद्रावर १०-२० अंश, जमिनीवर ३० अंशांपर्यंत. कमी दाबाच्या क्षेत्रात चहूकडून हवा आत येते, जमिनीत जाऊ शकत नाही, म्हणून वर जाते. खाडीकाठ यांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर.

रोजच्या वापरासाठी एक युक्ती. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा: कमी दाब डाव्या हाताला. जुलैत पश्चिमेचा वारा पाठीवर घेतला तर तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला, आणि मान्सूनची द्रोणीय रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खरोखरच उत्तरेला असते. चक्रीवादळ दक्षिणेकडून येत असेल तर आधी पूर्वेचा वारा लागतो. केंद्र आपल्या पूर्वेकडून पुढे सरकलं की वारा उत्तरेचा होतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून ईशान्येकडे गेलं, त्या मार्गावर ही युक्ती लावून बघा. मात्र इमारतींच्या गल्लीतला वारा यासाठी चालत नाही. खाडीचा मोकळा काठ हवा, किंवा खालच्या ढगांची चाल बघा.

बेसिनमधलं पाणी कोरिऑलिसमुळे फिरतं हे मात्र डोक्यातून काढून टाका. आपल्या अक्षांशावर या रेट्याचं एक पूर्ण आवर्तन ३६ तासांचं आहे. दहा सेकंदांत रिकाम्या होणाऱ्या बेसिनवर त्याचा काही परिणाम नाही.

कोपरखैरणेकर

मार्चमध्ये ठाण्यात ३९-४० आणि कुलाब्यात ३३-३४ असं होतं, ते याच वाऱ्यांमुळे का?

पारसिक

हो, पण तिथे खारे वारे आणि पूर्वेचा वारा यांची झुंज असते. कोरिऑलिसला वाव मिळण्याइतका वेळच नसतो.

जमिनीवरचा एक किलोमीटर जाडीचा थर समुद्रावरच्या थरापेक्षा ३ अंशांनी गरम झाला की तळाशी साधारण १ हेक्टापास्कल दाब कमी होतो. तेवढ्यावर खारे वारे सुटतात. दुपारपूर्वी कुलाब्याला लागले तर ठाण्याला पोहोचायला एक-दोन तास जास्त लागतात, कारण तीस-पस्तीस किलोमीटर तापलेलं शहर ओलांडायचं असतं आणि येऊरचा डोंगर पश्चिमेकडून अडवतो. मार्चमध्ये वायव्य भारतावर जास्त दाब असेल तर पूर्वेचा, घाटावरून उतरणारा वारा जोरात असतो. हवा घाट उतरताना दाबली जाते आणि किलोमीटरला तेच ९.८ अंश तापते: ६०० मीटर उतरली तर जवळपास ६ अंश. ती खाऱ्या वाऱ्यांना दुपारी दोन-तीनपर्यंत थोपवून धरते. खारे वारे दोन तास उशिरा आले की कमाल तापमान चार-पाच अंशांनी वर जातं. कुठल्याही दिवशी सकाळी अकराला वारा कोणत्या दिशेचा आहे ते बघा, दुपारच्या कमाल तापमानाचा अंदाज निम्मा तिथेच होतो.

रात्री हेच उलट होऊन मतलई वारे वाहतात, पण ते अशक्त. हिवाळ्यात तेही बसले की गार, जड हवा उल्हास नदीच्या खोऱ्यात साचते. बदलापूरचं किमान तापमान ठाण्यापेक्षा खाली जातं ते त्यामुळे. खाडीवर सकाळी जो करडा थर दिसतो तोही जमिनीलगतच्या अशाच उलट्या (खाली गार, वर उबदार) थरात कोंडलेला धूर आणि धूळ. ऊन चढून खालची हवा ढवळली गेली की नऊ-दहानंतर तो विरतो.

नभ_नोंदी

डोंगराचा भाग राहिला आहे. ठाण्याच्या बाबतीत तो थोडा आडवळणाचा आहे.

साधा हिशेब: वारा सेकंदाला १२ मीटर, येऊरचा पश्चिम उतार २ किलोमीटरमध्ये ३०० मीटर चढणारा. हवा सेकंदाला १.८ मीटर वेगाने वर ढकलली जाते. कमी दाबाच्या मोठ्या क्षेत्रात हा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर असतो, त्यामुळे १.८ हा आकडा दणदणीत. पण मग पाऊस पश्चिम उतारावर पडायला हवा, आणि ठाणे शहर तर पूर्वेला, आडोशाच्या बाजूला. तरी तिथे पाऊस कमी नाही. का?

कारण थेंब तयार व्हायला वेळ लागतो. ढगातल्या सूक्ष्म कणांचा पावसाचा थेंब होईपर्यंत वीसेक मिनिटं जातात, आणि तेवढ्यात सेकंदाला १२ मीटर वारा हवेला १४ किलोमीटर पुढे नेतो. तयार थेंबसुद्धा दोन किलोमीटरवरून सेकंदाला ६-७ मीटर वेगाने खाली येताना पाच मिनिटं घेतो आणि साडेतीन किलोमीटर वाहत जातो. येऊरसारखा अरुंद डोंगर स्वतःचा पाऊस पलीकडे टाकतो. शिवाय वरच्या मोठ्या ढगातून पडणारे थेंब डोंगरावरच्या खालच्या ढगातले कण वेचत येतात, म्हणून एरवी जी रिपरिप ठरली असती तिची सर होते.

सह्याद्रीची गोष्ट याहून मोठी. तो हवेला वर चढू देतो की तिची वाट अडवतो, हे वाऱ्याच्या वेगावर आणि हवेच्या स्थिरतेवर ठरतं. वाऱ्याचा वेग भागिले (डोंगराची उंची गुणिले स्थिरतेचा अंक): हा फ्रूड अंक. स्थिरतेचा अंक म्हणजे वर ढकललेली हवा मूळ उंचीवर परतायला किती ओढ घेते त्याचं माप. उंची ८०० मीटर, स्थिरता ०.०१ धरा. वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर उत्तर १.९, हवा सरळ चढून जाते आणि पाऊस माथेरान-लोणावळ्याच्या पट्ट्यात. वारा ६ असेल तर ०.७५, हवा अडते, किनाऱ्यावर साचते, मागून येणारी हवा तिच्यावर चढते, आणि पाऊस घाटाच्या कितीतरी आधी, ठाणे-पनवेलच्या सपाटीवर किंवा समुद्रावरच पडतो. ओल्या हवेत स्थिरतेचा अंक ०.०१ पेक्षा कमी असतो, त्यामुळे हवा चढून जायला लागणाऱ्या वाऱ्याचा उंबरठा प्रत्यक्षात थोडा खाली सरकतो. पण "वारा मंद तरी किनाऱ्यावर जास्त पाऊस" या कोड्याचं उत्तर इथे आहे.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७४ मिमी. दोन्ही वेधशाळांमध्ये विसेक किलोमीटर. जुलैत आपल्या डोक्यावरच्या हवेच्या उभ्या स्तंभातलं सगळं बाष्प पिळून काढलं तर ६०-७० मिमी पाणी मिळतं. म्हणजे सांताक्रूझवर तो स्तंभ चौदा-पंधरा वेळा रिकामा होऊन पुन्हा भरला. एका ढगाचं हे काम नाही. समुद्रावरून येणारी ओली हवा एकाच जागी एकत्र येत राहिली, एक ढग संपेपर्यंत त्याच्या पाठीशी दुसरा उभा राहत गेला, आणि सगळे त्याच पट्ट्यावर बरसले. कुलाबा त्या पट्ट्याच्या बाहेर होता, एवढंच.

घोडबंदर

त्याला ढगफुटी म्हणायचं का? बातम्यांत हा शब्द दर आठवड्याला येतो.

दवबिंदू

ढगफुटी म्हणजे साधारण २०-३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला १०० मिमी किंवा जास्त. दिवसभरात २०० मिमी झाला तर तो फार मोठा पाऊस आहे, पण ढगफुटी नव्हे. हवामान खात्याच्या २४ तासांच्या पायऱ्या अशा: ६४.५ पासून ११५.५ मिमीपर्यंत मुसळधार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. महसूल खात्याची "अतिवृष्टी" वेगळी, ती ६५ मिमीपासून मोजतात आणि पंचनाम्यासाठी वापरतात. दोन्ही एकाच बातमीत मिसळले की गोंधळ होतो.

तारखेचंही लक्षात ठेवा. २४ तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पडते. दुपारी तीनला कोसळलेला पाऊस अधिकृत तक्त्यात उद्याच्या रकान्यात दिसेल. मध्यरात्री शून्यावर येणाऱ्या खासगी यंत्रांशी तुलना करताना हमखास चूक होते ती इथेच.

उपवन

रडारबद्दल लिहितो, कारण भर पावसात सर्वांत उपयोगी तेच. मुंबईसाठी कुलाबा आणि वेरावली इथे डॉप्लर रडार आहेत. नकाशावरचा रंग म्हणजे परत आलेल्या लहरींची ताकद, डीबीझेड या एककात. तो पाऊस नव्हे, पावसाचा अंदाज. आणि अंदाजाचं सूत्र ढगाप्रमाणे बदलतं. जुनं, सर्वसाधारण सूत्र ४० डीबीझेडला तासाला साडेअकरा मिमी देतं. उष्ण कटिबंधातल्या पावसाचं सूत्र त्याच ४० ला साधारण साडेएकवीस मिमी देतं, आणि ४५ ला ५६. आपल्या मान्सूनमध्ये लहान पण असंख्य थेंब असतात, त्यामुळे रंग फक्त पिवळा दिसत असताना रस्त्यावर पाणी साचलेलं असतं. लाल रंगाची वाट बघत बसू नका.

एकच चित्र कधीही बघू नये. मागच्या तासाची चलचित्रं लावा आणि दोन गोष्टी तपासा: ठिपके कुठून कुठे सरकताहेत, आणि नवे कुठे उगवताहेत. ठिपके ईशान्येला सरकत असूनही पूर्ण पट्टा जागचा हलत नसेल, तर नव्या ढगांची रांग मागे तयार होते आहे. तेव्हा "वीस मिनिटांत जाईल" हा अंदाज चुकतो.

कोपरखैरणेकर

बऱ्याच मोबाइलमध्ये दाब मोजायची सोय असते. दुपारी चारपर्यंत दाब ३ हेक्टापास्कलने उतरलेला दिसला तर पाऊस येणार असं धरायचं का?

पारसिक

नाही. वातावरणालाही भरती-ओहोटी असते. सूर्याच्या उष्णतेमुळे उष्ण कटिबंधात दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक, दुपारी चारला सर्वांत कमी, पुन्हा रात्री दहाला वर आणि पहाटे चारला खाली. दहा ते चार यांत ३ हेक्टापास्कलच्या आसपास घसरण स्वच्छ ऊन असतानाही होते. म्हणून तुलना नेहमी कालच्या याच वेळेशी करा. २४ तासांत २ पेक्षा जास्त उतरला तर काहीतरी घडतं आहे. ४-५ उतरला तर नकाशावर नक्की कमी दाबाचं क्षेत्र सापडेल.

दुसरी चूक मजल्याची. इथल्या हवेत साधारण ९ मीटरला १ हेक्टापास्कल, म्हणजे तीन मजल्यांना एक. विसाव्या मजल्यावरचा मोबाइल तळमजल्यापेक्षा ६-७ ने कमी दाखवणारच. लिफ्टमध्ये धरून बघा, आकडा उतरताना दिसतो. ऋतूचा फरकही मोठा असतो: जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १,०१३ च्या आसपास, जुलैत १,००३ ते १,००५. जुलैतला १,००४ म्हणजे वादळ नव्हे.

उपवन

गार हवेच्या पाचरीबद्दल खाडीकाठ यांनी लिहिलं होतं, त्यात भर. मे आणि ऑक्टोबरमध्ये ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या थरात वाटेतच वाळतो. हवेच्या एका किलोमागे १ ग्रॅम पाणी वाळलं की ती हवा अडीच अंशांनी गार होते. ४ ग्रॅम वाळलं तर १० अंश. अशी जड झालेली हवा जमिनीवर आदळते आणि ढगाच्या पुढे वीस-तीस किलोमीटरपर्यंत धावते. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबई-ठाणे-नवी मुंबईवर पावसाच्या आधी जी धुळीची भिंत आली ती हीच. धूळ दिसली, वारा एकदम फिरला आणि गार लागला, म्हणजे धोका आला आहे, पाऊस अजून मागे आहे. झाडं, फलक, पत्रे यांच्यापासून दूर व्हायची वेळ तीच, पावसाचे थेंब लागल्यावर उशीर झालेला असतो.

ऑक्टोबरात हे ढग दुपारी मुरबाड-कर्जतच्या बाजूला उभे राहतात आणि वरचा वारा पूर्वेचा झालेला असल्यामुळे संध्याकाळी ठाण्याकडे येतात. म्हणून परतीच्या पावसात नजर पूर्वेला हवी. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या छताखाली जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आता मोजणीचं, कारण ठाण्यात दोन-तीन किलोमीटरवर पाऊस दुप्पट-निम्मा होतो आणि वेधशाळा मोजक्याच. घरगुती पर्जन्यमापकाची रीत कोणी लिहील का?

नभ_नोंदी

११० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या, साधारण ६० सेंटिमीटर लांब, खाली घट्ट बसणारं, पण उघडता येणारं टोपण. ११० हा बाहेरचा व्यास. आपल्याला आतला हवा, आणि तो पाइपच्या जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून व्हर्निअरने दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजून सरासरी घ्या. १०.४ सेमी आला तर तोंडाचं क्षेत्रफळ ८४.९ चौरस सेमी, आणि १ मिमी पाऊस म्हणजे ८.४९ मिलिलिटर. व्यासात २ मिमीची चूक झाली तर पावसात ४ टक्क्यांची होते, म्हणजे २०० मिमीच्या दिवशी ८ मिमी.

वरची कड बाहेरच्या बाजूने कानशीने घासून धारदार करा. कड जाड, सपाट राहिली तर तिच्यावर आपटलेला थेंब अर्धा आत, अर्धा बाहेर जातो. कडेपासून १५ सेमी खाली नरसाळं बसवा आणि त्याच्याखाली पाइपच्या आत पाणी साठवायला बाटली ठेवा, म्हणजे आत आपटून थेंब बाहेर उडत नाहीत आणि साठलेलं पाणी वाळत नाही. नरसाळ्याची किनार पाइपला सिलिकॉनने सांधा, फट राहिली तर भिंतीवरून ओघळलेलं पाणी खालच्या बाटलीऐवजी भोवतीने उतरतं. तसं झालंच तर घाबरू नका, पाइपच्या तळाशी साठलेलं पाणीही बाटलीत ओतून एकत्र मोजा. बाटली किमान दोन लिटरची हवी, कारण एक लिटर ११८ मिमीला भरते आणि ठाण्यात जुलैमध्ये तो आकडा एका रात्रीत होतो.

मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उत्तम: १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. कोरड्या बाटलीचं वजन तिच्यावरच लिहून ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा आणि तारीख दवबिंदू यांनी सांगितल्याप्रमाणे टाका. नरसाळ्याच्या भोकात पानं आणि मुंग्या अडकतात, तिथे स्टीलची चहाची गाळणी पुरते.

जागा: कड जमिनीपासून ३० सेमी उंच, खाली गवत किंवा माती. फरशीवर ठेवलात तर उडालेले शिंतोडे आत येतात. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतर. तोंड पाणसळीने सपाट करा.

घोडबंदर

आणि सोसायटीत मोकळी जमीनच नसेल तर? चौदाव्या मजल्यावरची गच्ची चालेल?

नभ_नोंदी

चौदाव्या मजल्यावर कठड्याजवळ वारा वर उसळतो आणि थेंब मापकाच्या तोंडावरून वाहून नेतो. जोराच्या वाऱ्यात नोंद खूप कमी येते, आणि किती कमी ते रोज बदलतं, त्यामुळे एकच दुरुस्तीचा आकडा लावून भागत नाही. वाहनतळाचं किंवा क्लबहाउसचं बुटकं छत शोधा. तिथे मधोमध, कठड्याच्या उंचीच्या दुपटीहून जास्त अंतरावर, खाली पोतं अंथरून ठेवा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. वहीत जागा "छत" म्हणून लिहा आणि ती हंगामभर बदलू नका.

उदाहरणादाखल: काट्यावर बाटली वजा जाता १,२३८ ग्रॅम आले, भागिले ८.४९, म्हणजे १४५.८ मिमी, अति मुसळधार. सोबत पाऊस कुठल्या तासांत पडला तेही टिपा. १४५ मिमी चोवीस तासांत पसरला तर तासाला ६, आणि तीन तासांत आला तर जवळपास ५०. गटारं तुंबतात ती दुसऱ्या आकड्यावर, आणि बाटली तो आकडा सांगत नाही.